शेवंताअक्कांचे भाडेकरू

शेवंताअक्का स्वतःच्या मालकीच्या दाराची कडी वाजवायच्या आणि आतून 'या' ऐकू येईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या. घर त्यांचं, भिंती त्यांच्या, दाराला निळा रंगही त्यांनीच दिलेला. पण खोली एकदा भाड्यानं दिली की त्या दारापुढं अक्का परक्या व्हायच्या. डोक्यावरचा पदर सारखा करायच्या, घसा खाकरायच्या आणि विचारायच्या, "येऊ का गं आत? का कामात हाईस?" आतली बाई "या की अक्का, इचारता काय" असं म्हणाली की मगच पाऊल आत पडायचं. आणि ह्याच अक्का अंगणात उभ्या राहून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच भाडेकरणीला म्हणायच्या, "मोरीतला दिवा तुजा बाप येऊन इजवनार हाय का गं?"

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गंमत वाटली होती. पुढं पुढं ते पाहवेना. मी माझ्या भाडेकरूंशी कधी आवाज चढवून बोललो नाही. कुणाचा बाप काढला नाही. तरी माझे भाडेकरू भाडं मला द्यायचे आणि जीव शेजारच्या अंगणात लावायचे.

मी घरमालक होईन असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पारनेरला शिक्षक होते. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर छोटं घर बांधलं आणि सोबत असावी म्हणून अंगणाच्या कडेला दोन खोल्या काढल्या. एका सकाळी चहा घेता घेता अण्णा गेले. घर माझ्या नावावर आलं. मी तोवर नगरला एसटीच्या कार्यालयात नोकरी करून नुकताच मोकळा झालो होतो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ अजून वळत नाही. मुलगी सासरी गेलेली, नगरची जागा भाड्याची. मी आणि सुलभा, आम्ही दोघं पारनेरला राहायला आलो. आयुष्यभर भाडेकरू असलेला माणूस असा उतारवयात मालक झाला.

अण्णांचं दिवसकार्य उरकल्यावर मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन अंगणात उभा होतो. कोणती किल्ली कशाची ते कळत नव्हतं. कोपऱ्यातल्या खोलीत एक जोडपं राहत होतं. महेश आणि अश्विनी. त्याचं स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दोघंही दारात येऊन उभे राहिले, पण बघत होते माझ्याकडं नाही, कुंपणाच्या भिंतीकडं. भिंतीपलीकडून एक उंच, काटक म्हातारी फाटकातून वळसा घालून आली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "भाऊसायेब, ह्यो म्हेश. कष्टाळू हाय, पन सुट्टे पैशे कवाच नसत्यात त्याच्याकडं. ही अश्विनी. हिला पित्ताचा तरास हाय, हिला उपाशी ऱ्हाऊ देऊ नगा." मग त्या दोघांकडं वळून म्हणाली, "आता हे तुमचे मालक. अण्णावानीच वागायचं यांच्यासंगं."

माझे भाडेकरू मला एका शेजारणीनं, शेवंताअक्कांनी, सोपवले. आपल्याकडचं काहीतरी ती मला देत आहे असा तिचा एकंदर आविर्भाव होता. मत्सराची पहिली कळ मला त्या अंगणातच आली.

त्याच दिवशी सुलभानं अक्कांना चहाला बोलावलं. अक्कांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि न विचारता सल्ला द्यायला सुरुवात केली. "तुमी काय मालक व्हाया निघाला न्हवता. मीबी न्हवते. आपल्यासारख्यांनी जरा जास्त संबाळून ऱ्हावं लागतं."

"आपल्यासारख्यांनी म्हणजे?" मी विचारलं.

"ज्यानं मुद्दाम चाळ बांधली, त्याला ठावं असतं का ह्यो धंदा हाय. आपल्याला तसं वाटत न्हाई. आपल्याला वाटतं, घर आपलं, ही मानसं पाव्हनी आल्यात. मंग पाव्हना लई दिस ऱ्हायला का आपुन जसं धुसफुसतो ना, तसं भाडेकरूवर धुसफुसतो. त्यो पाव्हना न्हाई, भाऊसायेब. त्यो त्याच्या घरात ऱ्हातोय."

सुलभाला ते फार पटलं. ती मान डोलावत राहिली. मला वाटलं, बाई स्वतःलाच शहाणी समजते.

अक्का मालकीण कशा झाल्या ते मला नंतर कळलं. त्यांचे यजमान ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. मुलगा विलास मोठा होईल, त्याचं लग्न होईल, नातवंडं होतील, या हिशेबानं त्यांनी घराच्या मागं ओळीनं तीन खोल्या बांधल्या. खोल्यांना रंग लागायच्या आत ते गेले. विलास सुरतेला एका कारखान्यात लागला, तिकडचाच झाला. खोल्यांत अक्का कांदे पसरून ठेवायच्या. एक दिवस नव्यानं बदलून आलेली एक शिक्षिका दारात पाणी मागायला थांबली आणि बोलता बोलता तिनं विचारलं, मावशी, इथं कुठं खोली मिळंल का?

"म्या म्हनलं, खोली हाय, पन भाडं कसं घेत्यात ते मला ठावं न्हाई," अक्का सांगायच्या. "ती म्हनली, मला कसं देत्यात ते ठावं हाय. मंग काय, कांदे उचलले."

मी मात्र सगळं रीतसर करायचं ठरवलं. अण्णांनी महेशशी कसलाही कागद केलेला नव्हता. मी अकरा महिन्यांचा करार केला, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली, विजेला वेगळा मीटर बसवला. आणि नियमांची एक पाटी छापून, प्लास्टिकमध्ये मढवून अंगणातल्या भिंतीवर लावली. पाण्याची वेळ, गाडी लावायची जागा, कपडे वाळत घालायची दोरी कुणाची कुठवर, पाहुणे आल्यास मालकास कळवणे. अक्षर ठळक होतं. मला ती पाटी आवडायची.

अक्का ती वाचायला आल्या. त्यांना वाचायला वेळ लागायचा. ओठ हलवत त्यांनी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "समदं बरोबर लिवलंय. पन भाऊसायेब, हे पयल्या दिशी तोंडानं सांगायचं असतं. पयल्या दिशी कडू बोलून घ्यावं, मंग वरीसभर ग्वाड ऱ्हाता येतं. ही पाटी तर रोजच कडू बोलंल त्यास्नी."

"लेखी असलं की वाद होत नाहीत," मी म्हणालो.

"वाद व्हत न्हाईत, हां," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

करार संपला तेव्हा महेशनं खोली सोडली. मी म्हटलं, दुसऱ्या गावी चालला असेल. तो भिंतीपलीकडं गेला! अक्कांची एक खोली रिकामी झाली होती. ती माझ्या खोलीपेक्षा लहान, मोरी सामाईक. मी त्याला फाटकात गाठून हसत हसतच विचारलं, "काय महेश, आमचं काय चुकलं?"

तो फाटकाची कडी खालवर करत राहिला. शेवटी म्हणाला, "तसं काय न्हाई काका. तिकडं उन्हं चांगली येत्यात."

दोन घरांमध्ये एक भिंत. तिकडं येणारी उन्हं इकडं येत नाहीत असं कसं होईल? मी कितीतरी दिवस सकाळी उठून दोन्ही अंगणांतलं ऊन बघत होतो. सुलभानं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही त्या बाईवर जळता."

"मी? आणि त्या बाईवर?" मी म्हणालो. तिला तेवढंच बोलायचं होतं.

मग मी अक्कांचं बघून बघून करायला लागलो. हुलग्याचे शेंगोळे केले की अक्का सगळ्या खोल्यांत वाटी धाडायच्या. मीही सुलभाला शेंगोळे करायला लावले आणि माझ्याकडं नव्यानं आलेल्या तलाठ्याच्या बिऱ्हाडात मोठी वाटी धाडली. वाटी दुसऱ्या दिवशी लख्ख घासून परत आली, "थँक्यू काकू"सकट. अक्कांच्या वाट्या कधी घासून परत येत नसत. त्या भरून परत यायच्या. कुणाच्या घरची मेथीची भाजी, कुणाच्या माहेरचे लाडू, काही नसलं तर मूठभर शेंगदाणे. मी भिंतीपलीकडं त्या वाट्यांची ये-जा बघत बसायचो. तलाठ्याच्या बायकोचा राग यायचा, आणि तिच्यापेक्षा अक्कांचा.

एकदा न राहवून मी विचारलंच, "अक्का, तुमच्याकडचे लोक इतकी वर्षं कसे टिकतात हो?"

त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "नळ गळतोय म्हनले का त्याच दिशी मानूस बोलवायचा. आपल्या घरचा गळू द्यावा, त्यांचा न्हाई. किल्ल्या जेवढ्या असतील तेवढ्या त्यांच्या हातात द्यायच्या. एक आपल्यापाशी ठिवली का त्यास्नी झोप लागत न्हाई. आन् त्यांच्याकडं काय शिजतंय ते नाकाला कळलं तर कळू द्यावं, तोंडानं इचारू न्हाई."

"तुम्ही तर सगळं विचारता," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. कुणाचा नवरा कुणाशी का बोलत नाही, कुणाच्या सुनेला दिवस गेले का, सगळं त्यांना हवं असायचं. एका बिऱ्हाडाशी त्यांनी दोरीवरच्या चादरीवरून कैक महिने अबोला धरला होता. त्या काही देवमाणूस नव्हत्या. तरी माणसं त्यांच्याकडं टिकायची, मला तेच कळत नव्हतं.

अक्का खळखळून हसल्या. "इचारते ना! पन काय शिजलंय ते सोडून इचारते."

मग रेखाची गोष्ट झाली. त्या गोष्टीत सुरुवातीला मी जिंकलो होतो, म्हणून ती मला सांगायला आवडते.

रेखा सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नवीन आली होती. पाथर्डीकडची, तिसगावच्या जवळची. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, पोरगी मात्र आजीजवळ राहून शिकलेली. बोलायला कमी, नजर सरळ. ती आधी अक्कांकडं गेली. अक्कांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एकलीच ऱ्हानार? आन् रातपाळी असती म्हन्तीस? न्हाई बाई, माज्याकडं समदी बिऱ्हाडं हायती. लोक मलाच नावं ठिवतील." खोली रिकामी असून त्यांनी तिला नाही म्हटलं.

ती बॅग घेऊन रस्त्यावर आली तेव्हा मी फाटकातच होतो. मी म्हणालो, "ताई, आमच्याकडं खोली आहे. तुमची ड्युटी कधीही असो, आमची हरकत नाही." हे मी भिंतीपलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो. अक्का तुळशीपाशी उभ्या होत्या. त्यांनी मान फिरवली. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

रेखा चांगली भाडेकरू होती. वेळेवर यायची, वेळेवर जायची, पाटीवरचा एकही नियम मोडायची नाही. मी सुलभाला म्हणायचो, "बघ, शिकलेल्या माणसाला शिस्त कळते." मला वाटायचं, हिला आपण आधार दिला, ही आपली. अक्का येता-जाता तिच्याकडं चोरून बघायच्या आणि मी अक्कांकडं.

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची ओढ झाली. पारनेरला ते नवीन नाही. टँकरवर दिवस काढायचे. मी टाकीची चावी सकाळी ठरावीक वेळ उघडायचो आणि बंद करायचो. तसं पाटीवर लिहिलेलंच होतं. एका सकाळी रेखा रातपाळी करून उशिरा आली. रात्रभर दवाखान्यात गर्दी होती, तिच्या पांढऱ्या कपड्यांवर डाग होते. तिनं नळ सोडून पाहिला, बंद केला आणि पायरीवर बसून राहिली. तिनं मला काही मागितलं नाही. मी पेपर वाचत होतो. ती मागेल तर बघू, असं मला वाटलं असावं.

भिंतीवरून आवाज आला. "भाऊसायेब, तुमच्या टाकीत पानी हाय का न्हाई?"

"आहे. पण वेळ संपली. नियम सगळ्यांना सारखा."

"वेळ कुनाची संपली? ती पोर तर आत्ता आलीया."

मला संताप आला. मी पेपर खाली ठेवला. "अक्का, तुम्ही तर तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. आता कशाला कळवळा?"

मी वाद जिंकला होता. अक्का भिंतीपासून बाजूला झाल्या, आणि थोड्या वेळानं माझ्या फाटकातून आत आल्या. माझ्याकडं न बघता सरळ रेखापुढं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पोरी, म्या तुला खोली न्हाई म्हनले. एकली पोर बघून भ्याले, लोकांच्या तोंडाला भ्याले. चुकलं माजं. ऊठ. बंब पेटवलाय, आंग धू आन् दोन घास खा."

रेखा त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दोघी फाटकातून पलीकडं गेल्या.

आजही मला वाटतं, नियम चुकीचा नव्हता. टँकरचं पाणी होतं, बाकीच्यांनी काय करायचं? पण मला त्या बाईचा हेवा वाटला तो पाण्यामुळं नाही. पिकल्या केसांनी, दुसऱ्याच्या अंगणात, आपल्याहून कितीतरी लहान मुलीसमोर उभं राहून 'चुकलं माजं' म्हणायचं आणि त्यानं आपण तसूभरही लहान व्हायचं नाही, हे तिला कुठून येत होतं? मला ते आजवर जमलेलं नाही. सुलभासमोरसुद्धा.

त्यानंतर रेखा माझ्या खोलीत झोपायला असायची, एवढंच. बाकी सगळी अक्कांच्या स्वयंपाकघरात. खोली सोड म्हणून अक्कांनी तिला कधी सुचवलं नाही, उलट बजावलं, "तू भाऊसायेबांचीच भाडेकरू ऱ्हा. अडीअडचणीला त्यांनीच तुला जागा दिली हुती, म्या न्हाई." हे रेखानंच मला सांगितलं. मी ऐकून घेतलं. अक्कांनी तिला पळवली असती तर मला त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं.

रेखाचं लग्न ठरलं. मुलगा तिसगावचा, थोडी शेती, बाजारात बी-बियाणांचं दुकान. आईबाप कारखान्यावरून येईपर्यंत लग्नाची निम्मी खरेदी अक्कांनी केली. पत्रिका आली तेव्हा रेखा आधी भिंतीपलीकडं गेली, मग आमच्याकडं आली. लग्नाला जाताना जीपमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी अक्का, मागं मी, सुलभा आणि लग्नाच्या सामानाची पोती. घाट चढताना अक्का मागं वळून मला म्हणाल्या, "भाऊसायेब, दोघांची पोर उजवतोय आपुन." दोघांची म्हणाल्या. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

विलास अधूनमधून सुरतेहून यायचा. रेखाच्या लग्नानंतर आला तो घराला गिऱ्हाईक घेऊनच. रस्त्यालगतची जागा, भाव चांगला आला होता. त्यालाही तिकडं घर घ्यायचं होतं. पोरगा वाईट नव्हता. आईला म्हणाला, माझ्याकडं चल. अक्का एकदा त्याच्या वरच्या मजल्यावरच्या घरी जाऊन राहून आल्या होत्या. "त्येवढ्या उंचावरून मला खालचं मानूस वळखू येत न्हाई," त्या म्हणाल्या. "घर तुज्या बापानं तुज्यासाठी बांधलं. तू इक. मी माजं बघते."

त्यांनी आधी एकेका भाडेकरूला दुसरीकडं जागा बघून दिली. महेश-अश्विनी परत माझ्याकडं आले. अक्काच त्यांना घेऊन आल्या. या वेळी त्यांनी ओळख करून दिली नाही. नुसतं म्हणाल्या, "घ्या तुमचं बिऱ्हाड."

त्या संध्याकाळी मी सुलभाशी बोललो आणि दोघं मिळून अक्कांकडं गेलो. मी म्हणालो, "अक्का, आमची दुसरी खोली रिकामी होतेय. तुम्ही तिथं राहा. एक पैसा द्यायचा नाही." हे मी मनापासून म्हणालो. त्या दिवशी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. थोडं होतं. गल्लीतले लोक अक्कांना भेटायला येतील ते माझ्या अंगणात येतील, असं एकदा वाटून गेलं होतं.

अक्कांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "फुकट ऱ्हानाराला नळ गळतोय म्हनता येत न्हाई, भाऊसायेब."

"मग भाडं द्या!"

"तुमी घेनार न्हाई. आन् घेतलं तरी मला रोज भिंतीवरनं दिसनार, माज्या दाराला दुसरा कोन रंग देतोय. न्हाई जमायचं." मग माझ्या तोंडाकडं बघून हळूच म्हणाल्या, "तुमी इचारलं, ते लई झालं."

त्या तिसगावला गेल्या. रेखाकडं. रेखाची बदली तिकडच्याच दवाखान्यात झाली होती. तिनं आणि नवऱ्यानं दुकानामागं नवं घर बांधलं होतं, त्यात एक खोली वेगळ्या दाराची. रेखा न्यायला आली तेव्हा अक्का अट घालून बसल्या: भाडेकरू म्हणून येईन, पाहुणी म्हणून नाही. करार पाहिजे. आणि करार लिहायला त्या माझ्याकडं आल्या. "तुमचं अक्षर चांगलं हाय. लिवा, अकरा म्हैन्यांचा."

घरमालक म्हणून रेखाचं नाव लिहिलं, भाडेकरू म्हणून शेवंताअक्कांचं. माझ्या जुन्या भाडेकरणीला माझ्या शेजारणीसारखी भाडेकरीण मिळत होती आणि कागद मी लिहीत होतो. तोवर मी अक्कांवर जळत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी रेखावर जळलो.

काही महिन्यांनी आम्ही दोघं तिसगावला गेलो. करंजीचा घाट ओलांडला की ऊन कसं कोरडं लागतं. दुकानाच्या मागं अक्का खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि रेखाला झापत होत्या. "मालकीनबाई, कडीला तेल न्हाई. कवाधरनं सांगतीया. अशानं भाडेकरू टिकंल का?" रेखा हसत तेलाची बुधली शोधत होती. अक्का माझ्याकडं वळल्या. "बगा ना भाऊसायेब, हिला भाडं मागायचीबी लाज वाटती. म्या सांगितलं, लाजू नगं. तू मागितलं न्हाई का मला वाटतं मी तुज्यावर भार हाय. मागितलं का वाटतं, मी माज्या घरात ऱ्हाते."

मला इतकं सुंदर भांडण माझ्या अंगणात कधी ऐकायला मिळालं नव्हतं. परतताना एसटीत मी सुलभाला म्हणालो, "खुशीत आहेत." ती म्हणाली, "हो." मग मी खिडकीबाहेर बघत बसलो.

त्या दिवाळीत घराला रंग दिला तेव्हा भिंतीवरची पाटी काढली होती. परत लावायची राहून गेली. महेश अजून माझ्याकडंच आहे. परवा त्याच्या खोलीचा नळ गळायला लागला, तो सांगायला आला, आणि मी जेवण टाकून माणूस आणायला गेलो. तो म्हणाला, "अक्काच आठवल्या काका." माझ्या पायपिटीचं श्रेयसुद्धा त्यांनाच गेलं होतं.

अक्का तिसगावलाच वारल्या. आजार मोठा झाला नाही. दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. रेखाचा फोन आला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. सुलभानंच ते समजून घेतलं. विलास सुरतेहून आला, त्यानं सगळं केलं.

दहाव्याला आम्ही गेलो. मला वाटलं होतं, म्हातारीचं ते गाव नव्हे, तिथं तिला ओळखणारं कोण. पाच-पन्नास माणसं जमतील. ओढ्याकाठच्या मंडपात बसायला जागा नव्हती. पारनेरहून जीपा भरून आल्या होत्या. मिरजगावहून, नगरहून, कुठून कुठून माणसं आली होती. प्रवचन झालं. आमच्या जिल्ह्यात दहाव्याला मग पुढारी बोलतात, पण अक्कांच्या दहाव्याला पुढारी कोण येणार? माईक तसाच राहिला. तेव्हा एक केस पिकलेल्या बाई उठल्या. त्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी अक्कांची पहिली भाडेकरू." एवढंच म्हणून त्या खाली बसल्या. मग एक कंडक्टर उठला. "मी अक्कांकडं भाड्यानं हुतो." मग कुणी बँकेतला, कुणी गवंडी, एक बाई कडेवर लेकरू घेऊन. प्रत्येक जण आधी तेच सांगायचा, अभिमानानं, एखादी पदवी सांगावी तसं. मी अक्कांचा भाडेकरू. मी मधे बसलो होतो. मला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी नुसता शेजारी होतो.

पंगतीला माझ्या बाजूला एक अनोळखी गृहस्थ बसले. वाढपी यायला वेळ होता. त्यांनी विचारलं, "तुमी कवा हुता अक्कांकडं?"

"लई वर्षं झाली," मी म्हणालो.

"कोनत्या खोलीत?"

"मधल्या."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी माज्या आधी! मीबी मधल्याच खोलीत हुतो. दुपारच्याला लई तापायची ती."

"फार तापायची," मी म्हणालो. "पण अक्का अंगणात पाणी मारायच्या."

"मारायच्या, मारायच्या," ते म्हणाले आणि डोळे पुसायला लागले.

समोरच्या पंगतीत सुलभा बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग वाढपी जवळ आला तेव्हा माझ्याकडं बोट दाखवून त्याला म्हणाली, "त्यांना भात वाढा. लांबून आलेत."